अकरा पानांची उमेदवारी

जाहिरातीच्या तळाशी लिहिलं होतं, 'अर्ज जास्तीत जास्त तीनशे शब्दांत करावा.' ती ओळ वाचून अनादिनाथ सरखेल चष्मा काढून हसले. तीनशे शब्दांत त्यांचं पत्राच्या आरंभीचं नुसतं वंदन व्हायचं. सागरी विम्याच्या कचेरीत, पत्रव्यवहार विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. बुडालेल्या जहाजाच्या मालकाला 'भरपाई मिळणार नाही' एवढीच गोष्ट त्यांनी एकदा चार पानांत अशी काही कळवली होती, की मालकाने उलट टपाली आभार मानले. कचेरीत त्यांना 'ड्राफ्टबाबू' म्हणत. काहीजण आदराने म्हणत, आणि ज्यांची फाइल त्यांच्या टेबलावर अडकलेली असे ते वेगळ्या सुरात म्हणत. निवृत्तीला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यांना कुणी एक ओळ लिहायला सांगितली नव्हती. वाण्याची यादीसुद्धा त्यांच्या पत्नी मंजुश्रीदेवी फोनवर तोंडी देत.

जाहिरात होती त्यांच्या मुलीसाठी. तोर्षा तिचं कागदोपत्री नाव. घरात आणि साऱ्या पाड्यात, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांत, ती टुसी. इतिहासाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. 'हुगळी पत्रसंग्रह' नावाच्या संस्थेत, जिथे कलकत्त्याच्या जुन्या व्यापारी पेढ्यांची आणि आगबोट कंपन्यांची शंभर-शंभर वर्षांपूर्वीची पत्रं जपून ठेवली आहेत, तिथे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपच्या दोन जागा निघाल्या होत्या. टुसी दोन वर्षं त्यांची वाट बघत होती. तिथल्या कागदांवरच तिला प्रबंध लिहायचा होता. तिची चूक एकच झाली. जाहिरात छापून आणून तिने ती संध्याकाळच्या मुढीच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या, वाडग्याशेजारी ठेवली.

"अर्ज कोण लिहिणार?" अनादिबाबूंनी विचारलं.

"मी लिहीन ना, बाबा. अजून बारा दिवस आहेत."

"तू?"

त्या 'तू'मध्ये एवढी करुणा होती, की मंजुश्रीदेवींनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही. तुझी मुलगी अर्ज लिहिणार आहे. स्वतः."

"मग लिहू दे की."

"लिहील ना. 'मला आवड आहे, मी मेहनती आहे, आपली विश्वासू.' संपलं. मंजू, अर्ज म्हणजे काय तारेने कळवलेला मजकूर आहे? समोरच्याला धरून, बसवून, पाणी पाजून, मग आपलं म्हणणं सांगावं लागतं."

टुसीने मुढीचा घास घेतला आणि काही बोलली नाही. ती गप्प बसली की ते होकार समजत. पंचवीस वर्षांत त्यांच्या बऱ्याच गैरसमजांची सुरुवात इथूनच झालेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुनी दौत काढली, टेबल खिडकीशी ओढलं आणि पहिला खर्डा सुरू केला. बंगालीतच, आणि तीही घरात बोलतात ती बंगाली नव्हे. खापरपणजोबा ज्या वळणाने लग्नपत्रिका लिहीत त्या वळणाची. 'माझी कन्या कुमारी तोर्षा' इथून आरंभ करून दुपारपर्यंत तिचा जन्म झाला. संध्याकाळपर्यंत ती तिसरीत गेली.

संध्याकाळी होमिओपॅथ पशुपती हाजरा आले. ते समोरच्याच घरात राहत आणि रोज बिनदुधाच्या लाल चहाला येत. चहा प्यायल्यावर ते दुसऱ्याची कुठलीही गोष्ट तपासायला घेत. त्यांनी खर्डा हातात घेतला, नाडी बघतात तसा थोडा वेळ धरला आणि म्हणाले, "अनादिदा, यात सगळी तब्येत ठणठणीत आहे. इथेच चुकलं."

"म्हणजे?"

"लक्षण नाही, दोष नाही, मग वैद्याने धरायचं कुठे? आजकाल मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असतो, तुझ्यातला दोष सांग. आपणच आधी सांगून टाकायचा. समोरचा चीत."

"टुसीत दोष?" अनादिबाबू विचारात पडले. मंजुश्रीदेवींनी आतून तत्परतेने सात सांगितले. त्यातले दोन घेतले: परीक्षेच्या आधी चिडते आणि उठायला उशीर करते. तिसरा पशुपतीबाबूंनी जोडला: नवव्या वर्षी अपेंडिक्स काढलेलं आहे.

"अपेंडिक्स हा काय दोष आहे का?" मंजुश्रीदेवी म्हणाल्या.

"अवयव कमी आहे," पशुपतीबाबू गंभीरपणे म्हणाले. "लपवला असं होऊ नये."

पाड्याच्या क्लबचे सेक्रेटरी भोंबलदा यांना ही बातमी कशी कळली कोण जाणे. ते तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर उभे. "काका, एवढी मोठी गोष्ट आणि क्लबाला पत्ता नाही? टुसीने दुर्गापूजेत पाच वर्षं खिचडी वाढली आहे. आम्ही प्रमाणपत्र देतो. पण नुसत्या आमच्या कागदाला कोण विचारतं? नगरसेवकाच्या कचेरीतून चारित्र्याचा दाखला आणा. शिक्का पाहिजे, शिक्का. शिक्क्याशिवाय चारित्र्य कच्चं."

हे मात्र अनादिबाबूंना पटलं. ते स्वतः चौतीस वर्षं शिक्क्यांच्या सहवासात राहिले होते. छत्री घेऊन ते कचेरीत गेले. खिडकीपलीकडे गळ्यात मफलर गुंडाळलेला एक कारकून भजी खात होता.

"मुलगी इथे किती वर्षं राहते?"

"जन्मापासून."

"पुरावा?"

"मी तिचा बाप आहे."

"तुम्ही इथे राहता याचा पुरावा?"

अनादिबाबूंनी विजेचं बिल पुढे केलं. कारकुनाने ते भज्यापासून लांब धरून वाचलं. "यावर नाव हरनाथ सरखेल आहे."

"ते माझे वडील."

"मग इथे ते राहतात."

"ते एकोणीस वर्षांपूर्वी वारले."

"वारले तर पंखा कोण लावतं?"

अनादिबाबूंचा आवाज चढला. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "दादा, भांडू नका हो, माझं रेशनकार्ड आहे." शेवटी त्यांनी तिथेच उभं राहून बिल, वडील, मृत्यू आणि वारसाहक्क यांचा खुलासा करणारं दोन पानी निवेदन लिहिलं. ते लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर, तीन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, असं तेज आलं. कारकुनाने निवेदन न वाचता टाचणी लावली आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. दोन दिवसांनी दाखला मिळाला. शिक्का गोल होता, जांभळा होता, ठसठशीत होता. खाली लिहिलं होतं, की श्री. हरनाथ सरखेल यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो व त्यांचं चारित्र्य उत्तम आहे.

"बाबा, हा आजोबांचा दाखला आहे," टुसी म्हणाली.

"घराण्याचा आहे," अनादिबाबू म्हणाले आणि कोपऱ्यात 'परिशिष्ट चार' असं लिहून तो फाइलला लावला. दुरुस्तीसाठी पुन्हा त्या खिडकीशी उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी का होईना, आपल्या बापाला कुणी चांगलं म्हटलं, हेही त्यांना आतून बरं वाटलं असावं.

आठव्या दिवशी अर्ज नऊ पानांचा झाला होता. टुसीचं कुळ, शिक्षण, गाणं, शाळेच्या नाटकातली राजकन्येची भूमिका, दोष, आणि तिला कागदपत्रांची गोडी कुठून आली हे समजावं म्हणून वडिलांच्या सेवेचा थोडक्यात, म्हणजे साडेतीन पानी, वृत्तान्त. त्या रात्री जेवताना टुसी म्हणाली, "बाबा, हे मी सही करून देणार नाही. लोक हसतील."

"कोण हसेल?"

"सगळे."

अनादिबाबूंचा घास हातातच राहिला. कचेरीत त्यांचा खर्डा परत आला नव्हता असं नाही. पण परत करणारे साहेब तरी स्वल्पविरामावर बोट ठेवून परत करत. हसतील, असं कुणी म्हटलं नव्हतं. ते माशाचा काटा काढत राहिले आणि त्या दिवशी त्यांनी भात पुन्हा मागितला नाही.

पण हार मानतील तर ते ड्राफ्टबाबू कसले? दुसऱ्या सकाळी ते निवाड्यासाठी फाइल घेऊन प्राध्यापक कालीकिंकर भादुरींकडे गेले. भादुरी चाळीस वर्षं कॉलेजात बंगाली शिकवून निवृत्त झाले होते आणि त्या चाळीस वर्षांत त्यांना एकही वाक्य पसंत पडलं नव्हतं. त्यांनी नऊ पानं वाचली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अनादि, या अर्जात अर्जदार कुठे आहे?"

"सगळीकडे तीच आहे, सर."

"तीच तर तक्रार आहे. 'तिचा जन्म', 'तिचं शिक्षण'. ही काय पोलिसांची फिर्याद आहे? अर्ज म्हणजे आत्मनिवेदन. त्यात एकच आवाज पाहिजे. मी! जिथे जिथे परकी व्यक्ती बोलते आहे तिथे तिथे 'मी' कर. बघ कसा प्राण येतो."

अनादिबाबू भारावून उठले आणि थेट चौकातल्या काकोलीच्या छपाईच्या दुकानात गेले. काकोली संगणकावर लग्नपत्रिका, भाडेकरार आणि श्राद्धाची निमंत्रणं एकाच हाताने टाइप करत असे. दुसऱ्या हातात फोन. "काका, सगळीकडे बदलायचं? मग एकेक कशाला शोधू? एक बटण दाबलं की झालं," ती म्हणाली. बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना शब्द एकच. क्रियापदावरूनही बाई की बुवा कळत नाही. बटण दाबलं गेलं. मुलीची 'ती' मी झाली, आणि साडेतीन पानांतला बापाचा 'तो'सुद्धा मी झाला. 'माझी कन्या कुमारी तोर्षा' या पहिल्या ओळीच्या जागीही, भादुरी सरांनी लाल शाईने मारलेल्या फुलीप्रमाणे, नुसता 'मी' आला. अक्षर जरा मोठं करून घेतल्यामुळे पानं अकरा भरली.

हे त्यांनी पुन्हा वाचून का पाहिलं नाही? त्याचं उत्तर साधं आहे. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असतं. ते कागदाकडे बघत होते आणि वाचत होते मनातलं. शिवाय पोस्ट बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. टुसी सही करणार नव्हतीच. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पंधरा वर्षं खाली पालकाची सही त्यांचीच होती, म्हणून इथेही त्यांनी ती केली, लपेटदार, खाली दोन रेघा ओढून. मग पोचपावतीसह रजिस्टर केलं आणि येताना मिठाईच्या दुकानातून संदेश घेऊन आले.

आठ दिवसांनी पत्रसंग्रहाचं पाकीट आलं. वर नाव 'श्री. अनादिनाथ सरखेल'. आत मुलाखतीचं बोलावणं, बुधवारी साडेअकरा.

"पालकाच्या नावाने पाठवलंय," अनादिबाबू म्हणाले. "जुनी रीत आहे. सभ्य लोक दिसतात."

टुसीने कपाळाला आठ्या घातल्या. "मला पण ई-मेल आलाय. बुधवारीच. अकराला."

"तुला कशाचा ई-मेल?"

"मी माझा अर्ज पाठवला होता, बाबा. दोनशे ऐंशी शब्दांचा. तुम्ही खर्डा सुरू केलात त्याच दिवशी."

अनादिबाबू उदारपणे म्हणाले, "असू दे. दोन्ही मिळाले असतील. तुझ्यावर शंका नको म्हणून त्यांनी माझ्यामार्फत खात्री करून घेतली." आणि ते पशुपतीबाबूंना पाकीट दाखवायला गेले. पशुपतीबाबू म्हणाले, "अपेंडिक्सने काम केलं." भोंबलदा म्हणाले, शिक्क्याने. भादुरी सरांना निरोप गेला तेव्हा ते नुसते म्हणाले, "मी."

बुधवारी अनादिबाबू धुतलेलं धोतर नेसून मुलीबरोबर गेले. संस्था स्ट्रँड रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. बाकावर सात-आठ मुलंमुली मान खाली घालून फोन बघत बसली होती. अकराला शिपायाने हाक मारली, "तोर्षा सरखेल!" टुसी आत गेली, पंचवीस मिनिटांनी बाहेर आली. चेहरा खुलला होता. "बरी झाली, बाबा. चला."

तेवढ्यात शिपाई पुन्हा दारात. "अनादिनाथ सरखेल!"

बाकावरची सगळी मुलं फोनमधून वर आली.

"पालकांना पण बोलावतात?" एका मुलीने घाबरून विचारलं. "माझे तर बर्दवानला आहेत."

आत मोठ्या टेबलापलीकडे संस्थेच्या संचालिका इंद्राणी दस्तिदार बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरे केस आखूड कापलेले. पुढ्यात अकरा पानं होती. त्यांनी बसायची खूण केली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "सरखेलबाबू, वय?"

"त्रेसष्ट. पण माझं कशाला—"

"तेच मला जुळवता येत नव्हतं. तुम्ही लिहिलंय," त्यांनी चष्मा लावला, "'चौतीस वर्षं सागरी विम्याचा पत्रव्यवहार माझ्या खांद्यावर होता. सध्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात माझं शिक्षण चालू आहे.' हे कौतुकास्पद आहे. पुढे, 'शाळेच्या नाटकात राजकन्येचं काम माझ्याकडे होतं व निवृत्तीच्या समारंभात मला चांदीचा पेला मिळाला. परीक्षेच्या आधी माझी चिडचिड होते. नवव्या वर्षी माझं अपेंडिक्स काढण्यात आलं.' आणि मग हे, 'माझा विवाह अद्याप झालेला नाही, परंतु घरच्यांना घाई नाही.'"

अनादिबाबूंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. डोळ्यांपुढे मंजुश्रीदेवी आल्या.

"परिशिष्ट चारवरून," बाई पुढे म्हणाल्या, "हरनाथबाबूंचं चारित्र्य उत्तम असल्याचं समजलं. ते कोण?"

"वारले," अनादिबाबू कसेबसे म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पशुपतीबाबू, खिडकी, भादुरी सर, काकोलीचं बटण. चौतीस वर्षांत त्यांनी इतकं थोडक्यात काही सांगितलं नव्हतं. "मी उमेदवार नाही, बाईसाहेब. मी मूर्ख म्हातारा आहे. माझ्या मुलीवर याचा राग धरू नका." आणि ते उठले.

"थांबा," दस्तिदारबाई म्हणाल्या. "हसण्यासाठी बोलावलं नव्हतं. म्हणजे, थोडं हसलो, खोटं कशाला बोलू. पण ही भाषा आता कुणाला लिहिता येत नाही. वाचता तरी येते का, ते बघायचं होतं." त्यांनी एका पारदर्शक पाकिटातला पिवळा कागद पुढे सरकवला. एकोणीसशे अकरा सालचा, एका तागाच्या पेढीतला. "आमच्या यादीत याची नोंद अशी आहे: कारकुनाने व्यवस्थापकाचे मानलेले आभार."

अनादिबाबू उभ्याउभ्याच वाकले. अक्षर किरटं, ओळी एकमेकींत शिरलेल्या. ते वाचू लागले, आणि वाचता वाचता खुर्चीत बसले. मग एकदम मोठ्याने हसले.

"आभार? अहो, हा शिव्या देतोय!"

"कुठे?"

"हे बघा. 'पूर्वी तीन वेळा सादर केलेल्या नम्र विनंतीकडे आपली थोर दृष्टी पुन्हा वळवण्याची धिटाई करतो.' याचा अर्थ, आंधळ्या, तीनदा सांगितलं. 'आपल्या सूक्ष्म विवेचनाने सेवक कृतार्थ झाला.' म्हणजे, तुला ओ की ठो कळलेलं नाही. आणि समासात ही बारीक खूण दिसते? हे हेडबाबूचं अक्षर. त्याने 'कृतार्थ'च्या आधी 'परम' घातलंय. म्हणजे हेडबाबूही त्याच्या बाजूने होता. गोदामाला गळती लागली होती, बाई. यांनी लिहून लिहून हात मोडले आणि साहेबाने केलं नाही. पावसात सगळा ताग कुजला असणार. पुढचं पत्र बघा, तिथे कारण विचारलेलं असेल."

दस्तिदारबाईंनी शांतपणे फाइलचं पुढचं पान उलटलं. ताग कुजल्याचीच चौकशी होती.

अनादिबाबू बाहेर आले तेव्हा पाऊण तास झाला होता. टुसी बाकावर नव्हती. खाली फाटकाशी उभी होती. घराकडे जाणाऱ्या बेहालाच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. खिडकीलाच सांगावं तसं म्हणाली, "दोन जागा आहेत. बावीस अर्ज. त्यातला एक माझ्याच घरातून."

"टुसी, ते बटण—"

"बटण नाही, बाबा. मी म्हटलं होतं, मी लिहीन. तुम्ही ऐकलंच नाहीत."

अनादिबाबूंनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

घरी त्यांनी जाहीर केलं, की आपण उमेदवारी मागे घेत आहोत. पाड्यात तोवर बातमी फिरलीच होती, की सरखेलांकडे बाप आणि लेक एकाच जागेसाठी उभे आहेत. भोंबलदांनी क्लबात दोन गट पडल्याचं कळवलं. मंजुश्रीदेवींना पूर्ण वृत्तान्त समजल्यावर त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की भात लागला. "विवाह अद्याप झालेला नाही म्हणे! मग मी इथे छत्तीस वर्षं कुणाच्या घरी राहते आहे?"

माघारीच्या पत्राचा पहिला खर्डा गुरुवारी झाला. दुसरा शुक्रवारी. रविवारी चौथा चालू होता आणि तीन पानं झाली होती.

"अहो, फोन करा आणि सांगा, मला नको म्हणून," मंजुश्रीदेवी म्हणाल्या.

"माघार काय फोनवर घेतात? संस्थेचा अवमान होईल."

मंजुश्रीदेवी हातातलं सूप ठेवून समोर बसल्या. "तुम्हाला माघार घ्यायची नाहीये."

अनादिबाबू दौतीत बघत राहिले. "मंजू," ते हळूच म्हणाले, "त्या कारकुनाचं पत्र शंभर वर्षांत कुणी वाचलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बिचारा आभार मानतोय. मी वाचलं, आणि मला... मला कळलं ना ते. अर्ध्या मिनिटात कळलं." मग घसा खाकरून म्हणाले, "पण पोरीची जागा आहे. आज संपवतोच."

टुसी दारात केव्हा येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. ती आत आली, टेबलावरची तीन पानं उचलली आणि वाचायला लागली. पहिल्या पानावर तिच्या भुवया जवळ आल्या, दुसऱ्यावर ओठ दाबले गेले, तिसऱ्यावर ती फिस्सकन हसली.

"यात माघार कुठे आहे, बाबा? मला तर दिसत नाही."

"चौथ्या पानावर येणार होती."

"नका घेऊ," टुसी म्हणाली आणि तिने पानं घडी करून स्वतःच्या पुस्तकात ठेवली. "मला मिळाली तर मिळाली. तुम्ही बाजूला झालात म्हणून मिळाली, असं भोंबलदा जन्मभर ऐकवतील. उभे राहा. पाडून दाखवते तुम्हाला."

"मला?" अनादिबाबू ताठ झाले. "चौतीस वर्षांचा अनुभव आहे माझ्याकडे."

"आणि अपेंडिक्स माझं गेलंय."

मंगळवारी दुपारी फोन आला. टुसीने घेतला, 'हो' म्हणाली, पुन्हा 'हो' म्हणाली आणि मग, "दोघं? एकाच घरातले चालतात?" दस्तिदारबाई पलीकडून म्हणाल्या, की नातं पाहून निवड केलेली नाही, एकाला सगळं वाचता येतं पण ते थोडक्यात सांगता येत नाही, आणि दुसरीने मुलाखतीत दिलेल्या फाइलची यादी वीस मिनिटांत इतकी नेटकी लावून दिली, की त्यांचं काम झालं. मात्र नोंदींची जबाबदारी आणि हजेरीपुस्तक मुलीकडे राहील. पशुपतीबाबूंनी त्या संध्याकाळी चहाच्या दोन कपांवर सांगितलं, की हे त्यांना पहिल्या नाडीतच कळलं होतं.

कामावर जाण्याआधी टुसीने एक अट घातली. कचेरीत 'बाबा' नाही आणि 'टुसी' तर अजिबात नाही. अनादिबाबूंना ती तत्त्वतः मान्य झाली. पहिले दोन दिवस ते तिच्याबरोबरच गेले. तिसऱ्या दिवशी तिला लवकर निघायचं होतं. ते मागाहून निघाले, आणि बसथांब्यावर त्यांना आधी भादुरी सर भेटले, मग पशुपतीबाबू. दोघांनीही कामाचं कसं काय चाललंय ते विचारलं. विचारल्यावर सांगायला नको?

ते पोचले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. टुसी हजेरीपुस्तक उघडून बसली होती. समोर दस्तिदारबाई होत्या, शिपाई होता, शेजारच्या टेबलावर दोघं जुने कर्मचारी होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"अनादिबाबू," टुसी म्हणाली, "चाळीस मिनिटं उशीर."

"अगं, त्याचं काय झालं—"

"तोंडी नको. लेखी द्या."

शिपायाला वाटलं, आता म्हातारा भडकणार. अनादिबाबूंनी छत्री भिंतीला टेकवली, खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि कोरा कागद टेबलावर तळहाताने गुळगुळीत केला. त्यांचा चेहरा पूजेच्या पहिल्या सकाळी दिसावा तसा दिसत होता.

"किती पानं, मॅडम?"

"तीन ओळी."

"तीन ओळींत तर अजून बससुद्धा येणार नाही."

टुसीने घड्याळाकडे पाहिलं, दस्तिदारबाईंकडे पाहिलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातलं हसू आवरत म्हणाली, "बरं, एक पान. पण मागची बाजू कोरी पाहिजे."

अनादिबाबूंना ते ऐकू आलं नाही. त्यांचं वंदन सुरू झालं होतं.